ना ब्रह्मदेवाचं, ना कमळ

मी ब्रह्मकमळ बोलतोय. बोलतोय म्हणजे बोलायला लावलंय. धुळ्यात या दारी जो माझं पान लावायला न्यायला येतो, त्याला आधी माझी जन्मकथा पाहिजे. पान घ्या अन् चालते व्हा की!

बरं, ऐका. जातीनं मी निवडुंगातला. खरं ब्रह्मकमळ म्हणे तिकडे हिमालयात असतं. त्याचं नाव मला कुणी चिकटवलं, देव जाणे. फुलात डोकावलं की ब्रह्मदेव बसलेला दिसतो, असं बाया सांगतात. मला आत मुंग्याच जाणवतात. पण शेजारची रातराणी गटाराकाठी उभी राहून राणी झाली, तर मी कमळ व्हायला काय हरकत?

रूप म्हणाल तर चपटी पानं, काठ उंदरानं कुरतडल्यासारखे.

सत्त्याऐंशी साली या घरच्या सुनेची, बेबाबाईची आई रावेरला वारली. तेरावं उरकून सासरी परतताना बेबानं आईच्या कुंडीतलं एक पान खुडलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं अन् एस.टी.त मांडीवर धरून आणलं. ते पान म्हणजे मी. आईचं म्हणून तिच्याकडे तेवढंच.

सासरे तोताराम आबा दारातच उखडले. "हाऊ निवडुंग शे! घरमा ठेवा का भांडणे लागतस."

"ब्रह्मकमय आहे, आबा. आईचं आहे." रावेरकडं 'ळ'चा 'य' होतो.

"फुलनं त राही, नही त उकिरडावर!"

पुढं दोन-तीन वर्षं मी तेलाच्या जुन्या डब्यात नुसती पानं काढली. आळशीपणात माझा हात कुणी धरणार नाही. मग एकदाची कळी आली अन् तिनं मान वर केली. मान वर केली की त्याच रात्री फुलतं, हा रावेरच्या बायांचा हिशेब. बेबानं गल्लीभर निरोप धाडला. बाया हळदीकुंकू, नारळ, केळी घेऊन जमल्या, माझ्यापुढं गाणी म्हणत बसल्या. मी ढिम्म. एवढी गर्दी बघून माझी फुलायची हिंमतच झाली नाही.

बाया जांभया देत घरी गेल्या. आबांनी डबा उचलला अन् माझ्यासकट उकिरड्यावर भिरकावला.

"आबा, आईचं आहे हो!" बेबा मागून धावली. आबा वळूनसुद्धा बघेनात.

दुसऱ्या रात्री मी फुललो. शेणात, आडवा पडून! वास गल्लीभर गेला. समोरची भिकुबाई ताट घेऊन आली, तिच्यामागं बठ्ठी, म्हणजे अख्खी गल्ली. उकिरड्याला कुंकू लागलं, उदबत्त्या लागल्या. आबा दारातून बघत होते.

"या आबा," भिकुबाई म्हणाली, "आते उकिरडाले हात जोडा!"

आबांनी जोडले. करतात काय! बेबानं मला पदरानं पुसलं अन् उचलून घरात आणलं.

आता सिमेंटच्या कुंडीत असतो. वर्षातून एखाद्या रात्री ऐट, सकाळी फूल मुरगळलेल्या कोंबडीच्या मानेसारखं लोंबतं. असलं माझं वैभव. तरी पाहुणे आले की आबा छाती काढून सांगतात, "आमचं ब्रह्मकमळ!" मला फेकलं त्याचं काही नाही, माझी लायकी तेवढीच होती. पण बेबाच्या आईची आठवण फेकली, त्याबद्दल "चुकनं मनं, पोरी" एवढं म्हणायचं आबांचं राहिलंय. तिला म्हणा, मला ऐकू येईल. मी इथंच आहे, तोताराम आबा.