टपालवालीची लाथ

टपालवालीने डोंगराला लाथ मारली ती एक्केचाळिसाव्या भागात, आणि त्या लाथेत नेमका जोर किती, यावरून मापकरी मंडळात तीन वर्षं धुमश्चक्री चालली होती. आज संध्याकाळी सहाला तिचा निकाल लागायचा होता.

मापकरी मंडळ म्हणजे फोनवर भेटणारे, जपानी कार्टून-मालिकांनी झपाटलेले चाळीसेक अ‍ॅनिमेवेडे. कोणी कोणाचं तोंड पाहिलेलं नाही, पण एकमेकांच्या आकडेमोडीतली चूक पाहिली की सगळ्यांच्या अंगात येतं. पडद्यावर कोणी भिंत पाडली, नदी उलटी फिरवली, की हे लोक ते दृश्य थांबवतात, पिक्सेलचे ठिपके मोजतात आणि त्यावरून लागलेली ऊर्जा काढतात. मग त्या पात्राला पायरी मिळते: भिंतपाडे, गल्लीपाडे, गावपाडे, डोंगरपाडे. डोंगरपाड्यांत बसायचं तर दहा मेगाटन तरी हवेत.

आपली नायिका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती आणि मंडळात तिला ‘वर्नियर’ म्हणत. टपालवालीला डोंगरपाड्यांत तिनेच नेऊन बसवलं होतं. पत्रं वाटणारी साधी बाई, रस्ता अडवला म्हणून डोंगराचा भुगा करते आणि टोपी झटकून पुढे जाते. हे बाराव्या वर्षी पाहिल्यापासून वर्नियर तिच्यावर जीव टाकून होती. पण गेल्या आठवड्यात ‘फूटपट्टी’ नावाच्या खडूस सभासदाने आक्षेप घेतला: डोंगर फुगवलेला आहे. सहाच्या आत त्याचं समाधान झालं नाही, तर टपालवाली परत गावपाड्यांत.

“लोणच्याच्या बरणीएवढा डोंगर आणि तुमचा केवढा गाजावाजा,” असं त्याने वर लिहिलं होतं.

सुट्टीचा दिवस होता. वर्नियर बाबांच्या शिवणाच्या खोलीत, कापायच्या टेबलाच्या एका टोकाला लॅपटॉप लावून बसली होती. दुसऱ्या टोकाला बाबा कोटाला अस्तर लावत होते. घरात इंटरनेट धड मिळायचं ते याच खोलीत, त्यामुळे बापलेकीचा संसार एकाच टेबलावर.

तिने हिशेब चौथ्यांदा तपासला. टपालचौकीच्या मनोऱ्याचं दार दोन मीटर धरलेलं. मनोरा दाराच्या बारापट, म्हणजे चोवीस मीटर. पुढच्या दृश्यात तोच मनोरा डोंगराच्या पायथ्याशी चोवीस ठिपके उंच. एक ठिपका एक मीटर. डोंगर बाराशे ठिपके रुंद, सातशे उंच. शंकूचं घनफळ, खडकाचा भुगा करायला लागणारी ऊर्जा, आणि उत्तर साडेतेरा मेगाटन. कुठेही खोट नव्हती.

बाबा सुईत दोरा ओवायला उजेडाकडे वळले आणि पडद्यापाशी थबकले.

“ही बाई कोण?”

“तीच, टपालवाली. लाथ मारायच्या आधी चौकीच्या दारात उभी असते ना, ते.”

“हिचा कोट कोणी बेतलाय?”

“बाबा, ते चित्र आहे.”

“चित्र असू दे नाहीतर राणीसाहेब. उंचीच्या मानाने हिचा खांदा बघ. चौथा हिस्सा असतो खांदा, फार तर बोटभर इकडेतिकडे. हा तिसऱ्या हिश्शाला गेलाय. कंबरही तशीच. या मापाचा कोट शिवला, तर गिऱ्हाईक माझ्या तोंडावर फेकून जाईल.”

“जुन्या भागांत माणसं बेढबच काढायचे. म्हणून मंडळाचा नियम आहे, माणसावरून माप घ्यायचं नाही. इमारतीवरून घ्यायचं.”

“बेढब काढणारा एखादी बाही चुकवेल. सगळीकडे सारखंच कसं चुकेल?” बाबांनी टेप गळ्यातून काढून पडद्याला लावला. “हा मागचा हमालही तसाच. ते कुत्रंसुद्धा. शास्त्रज्ञबाई, कोणीतरी कापड आडवं ओढलंय.”

वर्नियरने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. ती त्याच भागातलं चंद्राचं दृश्य शोधू लागली. पूर्ण चंद्र, ढगाचा लवलेश नाही. तिने मोजला. उंची चारशे ऐंशी ठिपके. रुंदी सहाशे चाळीस.

चंद्र लंबगोल होता.

तीन वर्षांत तिने तो शंभर वेळा पाहिला असेल. मालिका जुन्या चौकोनी टीव्हीसाठी काढलेली, आणि मंडळात सगळ्यांकडे फिरणारी प्रत कोणीतरी नव्या पडद्यावर भरावी म्हणून आडवी ताणलेली. उंच्या सगळ्या बरोबर. रुंद्या सगळ्या एक तृतीयांशाने जास्त. प्रयोगशाळेत मुलांना ती रोज बजावायची की आधी उपकरणाची चूक तपासा, आणि स्वतः वाकडी पट्टी घेऊन डोंगर मोजत बसली होती.

“किती नुकसान?” बाबांनी विचारलं.

“रुंदी बाराशेऐवजी नऊशे. डोंगर गोल धरलाय, म्हणजे खोलीही तेवढीच घटणार.” तिने आकडे घातले. “सात पूर्णांक सहा मेगाटन.”

“आणि लागतात दहा.”

“दहा.”

घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. फूटपट्टीला हे कळलेलं नव्हतं, कोणालाच नव्हतं. गप्प बसली असती तर कदाचित निभावलं असतं. बाबा अस्तराला टाके घालत राहिले, तिच्याकडे बघितलंही नाही. वर्नियरने दोनदा बोटं मोडली, चंद्राचं चित्र जोडलं आणि मंडळात लिहिलं: “आपली प्रत आडवी ताणलेली आहे. माझा डोंगर खरंच फुगलेला आहे. नवं उत्तर सात पूर्णांक सहा.”

मंडळात एकदम मोहोळ उठलं. प्रत्येक जण आपापला चंद्र, चाक, थाळी मोजायला धावला. फूटपट्टीने एवढंच लिहिलं: “प्रामाणिकपणाबद्दल आभार. सहाला खाली उतरवतो.”

“खुशाल उतरव,” ती पुटपुटली. टपालवालीला निदान नीट बघावं, म्हणून तिने ते दारातलं दृश्य योग्य रुंदीला दाबलं.

बाबा पुन्हा डोकावले. “आत्ता कशी बाई दिसतेय. खांदा चोख. मस्त बसेल हिला कोट.” टेप परत पडद्यावर गेला. “पण हे दार फारच उंच केलंय गं.”

“दोन मीटर आहे.”

“मग ही पोर शाळेत जाते की काय? दार तिच्या दीडपट आहे. धर टेप, तूच बघ.”

वर्नियरचा हात कळफलकावर थांबला. मग ती एवढ्या झटक्यात उठली की स्टूल मागे आडवं झालं. माणसं बेढब नव्हतीच मुळी. प्रत बेढब होती. त्या खोट्या बेढबपणापायी मंडळाने नियम केला, आणि त्या नियमापायी दारात उभी असलेली, टोपी हातात घेतलेली, नखशिखांत मोजता येणारी बाई तिने तीन वर्षं मोजलीच नव्हती. दोन मीटर दार हा तर निव्वळ अंदाज होता. टपालवालीची उंची मात्र दुसऱ्या भागात तिच्या ओळखपत्रावर छापलेली दिसते: एकशे बासष्ट सेंटिमीटर.

“बाबा, कॅल्क्युलेटर कुठाय?”

“तुझ्या हातात.”

बाई चाळीस ठिपके, दार साठ. दार दोन मीटर त्रेचाळीस. मनोरा एकोणतीसच्या वर. लांबीत वाढ एकवीस टक्क्यांची, पण घनफळात ती तीनदा गुणली जाणार. तिने बरोबरचं चिन्ह दाबलं आणि आकड्याकडे बघतच राहिली. परत केलं. तोच आकडा.

तेरा पूर्णांक सहा.

पाच चाळीसला तिने सगळं मांडून पाठवलं. फूटपट्टीचं उत्तर तात्काळ आलं: “फिरून फिरून तिथेच? बरं जमवलंत.”

“जमवलेलं वाटत असेल तर स्वतः मोजा. माझे आकडे घेऊ नका.”

पाच पन्नास. पाच पंचावन्न. बाबांनी सुई उशीत टोचून ठेवली आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. दोघंही पडद्याकडे असे बघत होते, जणू डोंगर आत्ता फुटणार आहे.

पाच अठ्ठावन्नला फूटपट्टी उगवला. “मी हमालावरून मोजलं. तो तिच्याहून अर्धं डोकं उंच आहे. तेरा पूर्णांक चार आलं. आक्षेप मागे. टपालवाली डोंगरपाड्यांत कायम.” आणि लगेच खाली: “खांद्याचं तुमच्या लक्षात कसं आलं?”

“घरात शिंपी आहे,” तिने लिहिलं. तिचे कान तापले होते आणि हसू आवरत नव्हतं.

“शिंप्याबद्दल काही म्हणाला का तो?” बाबांनी विचारलं.

“थांबा, अजून लिहितोय तो.”

“माझ्या लाडक्या पाणबुड्याने उठवलेली लाटही याच प्रतीवरून मोजलेली आहे,” फूटपट्टीने लिहिलं होतं. “रुंदी तीन किलोमीटर धरलीय. धाकधूक होतेय. उद्या शिंपीकाकांना दाखवता येईल?”

वर्नियरने बाबांकडे पाहिलं. ते आधीच टेप झटकून सरळ करत होते.

“उद्या कशाला,” ते म्हणाले. “लाटेत माणूस उभा आहे का विचार.”