एक साथ नमस्ते

मनोजने मुलाखतीसाठी इंग्रजीची जी वाक्यं घोकली होती, ती एव्हाना द्राक्षांनाही पाठ झाली असतील. फेब्रुवारीचे दिवस, बागेत तोडणी चाललेली, आणि हा गडी क्रेट उचलता उचलता स्वतःशीच पुटपुटायचा, आय ॲम अ फार्मर, वुई लिव्ह निअर दिंडोरी. तोडणीच्या बायका एकमेकींकडे बघून हसायच्या. हसोत बापड्या. साक्षीचं नाव नाशिकच्या कॉन्व्हेंटमध्येच घालायचं, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

तशी शाळा बागेला लागूनच होती. जिल्हा परिषदेची, कौलारू, दारात कडुनिंब. मनोज तिथेच शिकला होता आणि त्या शाळेवर त्याची मायाच होती. शनिवारची सकाळची शाळा, मुलींनी सारवलेल्या वर्गाचा ओला वास, मधल्या सुट्टीत पळवलेल्या कैऱ्या, सगळं त्याला अजून आठवायचं. पण तिथून तो नाशिकच्या कॉलेजात गेला आणि तिथली सगळी वर्षं शेवटच्या बाकावर तोंड शिवून बसला. इंग्रजीतून नुसतं नाव सांगायचं म्हटलं तरी त्याला घाम फुटायचा. तो घाम पोरीला फुटू नये, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

गंमत अशी, की त्याची बायको तृप्ती मात्र कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, घर तिथल्या कॉलनीत आणि शाळा सिस्टरांची. खरं तर हट्ट तिने धरायला हवा होता. पण ती म्हणाली, एवढीशी पोर, अंधारात उठून बसमध्ये पेंगत जाणार, घाई काय आहे? मनोजला तिचा राग आला. ज्याच्या ताटात पक्वान्न वाढलेलं होतं, त्याला उपवासाचं काय कळणार, असं त्याला वाटलं.

मुलाखतीच्या दिवशी सिस्टरांच्या हॉलमध्ये आईबापांची गर्दी होती. कोणी वणीचं, कोणी निफाडचं, कोणी शहरातलंच. सगळ्यांचे शर्ट कडक इस्त्रीचे आणि चेहरे परीक्षेला बसल्यासारखे. फरशी अशी चकचकीत, की साक्षी तिच्यात वाकून आपलं तोंड बघत होती. तृप्तीशेजारी बसून मनोज मनातल्या मनात वाक्यं म्हणत होता. तेवढ्यात दार उघडलं आणि पांढऱ्या झग्यातल्या, उंच, वयस्कर मुख्याध्यापिका सिस्टर आत आल्या.

आता काय झालं ते मनोजला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. चौथीत तो वर्गाचा मॉनिटर होता. दारात पाहुणा दिसला की उठायचं, हात जोडायचे आणि खड्या आवाजात सुरुवात करून द्यायची, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. तो ताडकन उभा राहिला आणि भर हॉलमध्ये ओरडला, "एक साऽऽथ..."

"नऽमस्तेऽऽ," साक्षीने सूर लावला. गावच्या शाळेच्याच आवारातल्या अंगणवाडीत जायची ती. बाप सुरुवात करतोय म्हटल्यावर ती कशाला मागे राहील?

मग कुठेतरी खसखस पिकली. मनोजला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पण मान खाली घालता घालता त्याला दिसलं, समोरच्या रांगेतला वणीकडचा टोपीवाला बाप अर्धवट उभा होता, हात जोडलेले, तोंड उघडं. मागे आणखी दोघे तसेच अवघडून उभे होते. सिस्टरांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. हसल्या आणि मराठीत म्हणाल्या, "बसा."

पुढची मुलाखत ठीक झाली. पाठ केलेली वाक्यं तर मनोजच्या डोक्यातून पार उडाली होती, पण सिस्टरांनी साक्षीशीच गप्पा मारल्या आणि तिला प्रवेश देऊन टाकला. तो घ्यायचा की नाही, ते मनोजने सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

येताना त्यांनी रस्त्यात चहासाठी गाडी थांबवली. मनोज कपात बघत बसला होता.

"लय हसं केलं मी आज," तो म्हणाला.

तृप्तीने मान हलवली. मग ती आपल्या शाळेबद्दल बोलू लागली. कधी नव्हे ते बोलली. नाताळात गव्हाणीसाठी गवत आणायचं काम तिच्याकडे असायचं, शिवणाच्या तासाला सिस्टर गुणगुणायच्या, फिनेलचा वास आला की अजून तिला प्रार्थनेची घंटा आठवते. दारात कोणी आलं की अख्खा वर्ग उभा राहून गुऽड मॉर्निंगऽ सिस्टरऽ म्हणायचा. तिने ते हळूच म्हणून दाखवलं, आणि मनोज चमकला. चाल तीच होती, थेट नमस्तेची.

"मी त्या शाळेत सुखात होते रे," ती म्हणाली. "पण माझ्या वर्गातली एकही मुलगी आज जवळ नाही. कोणी पुण्यात, कोणी मस्कतला. तुझा छाटणीवाला तुझ्या वर्गातला, ट्रॅक्टरवाला तुझ्या वर्गातला. बांधावरून हाक मारलीस तर ओ देतात. मला तुझा हेवा वाटतो."

आपला कोणी हेवा करावा, तोही कॉन्व्हेंटवालीने, हे मनोजच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं. तरी घरी पोचेपर्यंत त्याने मनाला बजावलं, माया वेगळी आणि पोरीचं आयुष्य वेगळं.

सोमवारी तो आधी गावच्या शाळेत गेला. गावित सर सुरगाण्याकडचे, भला माणूस. साक्षी यंदा पहिलीत येणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं, तेव्हा ती नाशिकला जाणार हे तोंडावर सांगितलेलं बरं. कडुनिंबाखाली चप्पल काढून तो वर्गाच्या दारात उभा राहिला.

"एक साऽऽथ," आतून कोणीतरी म्हणालं.

सगळा वर्ग उठला. अंगणवाडीच्या ताई बैठकीला गेल्यामुळे त्यांची पोरंही आज पहिलीच्या वर्गात बसवली होती. त्या घोळक्यात साक्षी होती. शेजारणीला खेटून, हात जोडून, सगळ्यांत मोठ्याने नमस्ते म्हणत. बापाला बघून ती हसली नाही, जागची हलली नाही. ती आत्ता त्या वर्गाची होती.

शाळेत असताना मनोज कायम त्या बाजूला उभा राहिला होता. दारात उभं राहून ऐकायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. पोरं हात जोडून ताटकळली होती. पाहुणा सांगेपर्यंत खाली बसायचं नसतं, हा नियम त्याला चांगलाच ठाऊक होता.

"बसा," तो म्हणाला.

सगळी बसली. साक्षीही बसली, शेजारणीच्या सतरंजीचा कोपरा ओढून घेऊन, ऐसपैस.

"बोला मनोजभाऊ, काय काम काढलं?" गावित सरांनी विचारलं.

मनोजने सतरंजीवरच्या साक्षीकडे पाहिलं.

"काय नाय सर," तो म्हणाला. "पोरीचं नाव घालायचं होतं."