मी, चटणीची मूळ कृती

मित्रांनो, मी कांदा-लसूण चटणीची एक जुनी कृती आहे. वडूजच्या लालासाहेबांच्या आईने चुलीपुढे बसून मला जन्म दिला. पुढे लालासाहेबांनी मलकापूरला कारखाना काढला आणि मी संगणकात राहायला गेले.

तिथे संगणक सांभाळणाऱ्या अपूर्वाने माझा संसार मांडला. मला सगळ्यांत वर बसवले आणि माझ्याखाली लेकी, म्हणजे माझ्यावरून बेतलेल्या कृती, लावल्या. एक झणझणीत, एक कमी तिखट. माझ्यात केलेला बदल आपोआप लेकींत उतरायचा. मला फार मोठेपणा वाटे.

धाकटी लेक बिनशेंगदाण्याची. मिरच्या भाजणाऱ्या रंगुबाईची एकुलती एक उत्कर्षा सांगलीला नर्सिंग शिकत होती. शेंगदाणा पोटात गेला की तिचा घसा सुजायचा, श्वास अडायचा. "आपल्याच माणसाच्या पोरीला आपली चटणी चालू नये, हे बरं न्हवं," असे म्हणून लालासाहेबांनी ही कृती करवून घेतली. माझ्यातले शेंगदाणे तिच्यातून काढले. खोबरे, मीठ, तिखट मात्र माझ्याकडूनच उतरत राहिले.

लालासाहेब गेले. त्यांचा मुलगा जयराज गादीवर बसला. खोबरे महागले, तेव्हा तो पाकिटे भरणाऱ्यांसमोरच अपूर्वाला म्हणाला, "खोबरं काढ. त्याच्या जागी शेंगदाण्याची पेंड टाक."

"साहेब, वर बदललं की धाकटीतही पेंड जाईल. आधी तिला वेगळी करू द्या. पाकिटावर 'शेंगदाणा नाही' असं छापलंय."

"माल उद्या सांगलीला निघतोय. खालचं खाली बघू. सरक."

त्याने स्वतः बदल केला आणि बटण दाबले. धाकटीने निमूटपणे पेंड पदरात घेतली. लेक आईला नाही कशी म्हणणार?

त्या आठवड्यात रंगुबाईने लेकीसाठी नेहमीचे पाकीट नेले. भाकरीवर चटणी आणि तेल घालून उत्कर्षा जेवायला बसली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळे संपले होते.

जयराजने सगळ्यांसमोर अपूर्वाकडे बोट दाखवले. "संगणक हिच्या ताब्यात हाय. घोळ हिनंच केला."

"मावशी, मी यांना सांगितलं होतं..."

रंगुबाईने तिला पुढे बोलू दिले नाही. तिच्या तोंडात मारली, केस धरून तिला जमिनीवर पाडले. "माझी पोर खाल्लीस गं!" कोणी सोडवायला गेले नाही. ज्यांनी त्या दिवशीचे बोलणे ऐकले होते, ते खाली मान घालून पाकिटे भरत राहिले. अपूर्वाला त्याच दिवशी काढून टाकले.

जयराजने धाकटीला संगणकातून पुसले. मला हात लावला नाही. पेंडीने नफा वाढला होता.

मित्रांनो, वर बसलेल्याने एक शब्द बदलण्याआधी खाली कोण आहे ते बघावे. एवढेच माझे मागणे आहे. मला तोंड असते तर बटण कोणी दाबले ते मी रंगुबाईला सांगितले असते.

ती अजून मिरच्या भाजते. जयराज भट्टीवरून जाताना थांबतो, "कसं हाय, मावशी?" म्हणतो. रंगुबाई पदराने हात पुसते आणि त्याच्या पाया पडते. "तुमी हाय म्हणून जगतीय, मालक."