ओरफाबाईच्या रानातली कचेरी

ओरफा टटल नऊ मैल चिखल तुडवत ज्युबिली गावात पोचली आणि पाहते तो काउंटीची लाकडी कचेरी जागेवर नाही. चार कोपऱ्यांचे दगड तेवढे उरले होते. मधल्या कोरड्या मातीत कुणाची तरी कोंबडी उकरत होती.

"कचेरी कुटं गेली?" तिनं दुकानदार हूपरला विचारलं.

"चोरली मेल्यांनी!" हूपर बंदूक भरत होता. "कॉनकॉर्डवाल्यांनी पहाटं सोळा बैल जुंपले, ओंडक्यांवर घातली न् घरंगळत नेली. कारकुनासकट!"

"गेल्या खेपंला मी कॉनकॉर्डला गेले, तवा तुमी हिकडं आणली हुती."

"ती काय चोरी न्हवं बाई. आपली वस्तू आपण परत आणली."

ओरफा जमिनीची नोंद करायला आली होती. सरकारी माळ फोडून पाच वर्षं राहिलं, कसला, की तो आपला. पण मुदतीच्या आत काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कारकुनापुढं दोन साक्षीदारांनिशी नोंद व्हायला हवी, आणि मुदत आज संपत होती. नवऱ्याला तिनं त्याच मातीत पुरलं होतं. उद्या दुसरा कुणी येऊन "ऊठ" म्हणाला, तर उठावं लागणार होतं.

आणि ही काउंटी तरी कशी झाली? सहाशे डोकी हवी होती, भरली चारशे. मग मोजणीवाल्यांनी खेचरांना आडनावं दिली, कुत्र्यांना कुटुंबं दिली. काउंटीचं मुख्य ठाणं कुठल्या गावात, हे ठरवायच्या मतदानात तर ओरफाचा मेलेला नवरा दोन्ही गावांत मत देऊन आला. जिवंत ओरफाला मात्र मत नव्हतं. ती बाई होती ना!

ती तशीच मागं फिरली. पाठोपाठ हूपर, वीस बंदुका आणि बारा बैल.

कॉनकॉर्डची गाडीवाट तिच्याच गव्हातून जात होती; सकाळी ती आडवाटेनं आली, म्हणून चुकामूक झाली होती. बर्फ नुकतं वितळलेलं, रान लोण्यासारखं झालेलं. त्यात कचेरी खिडक्यांपर्यंत रुतून बसली होती. सोळा बैल फेसाळले होते, आणि कॉनकॉर्डचा म्होरक्या क्रंप छपरावर चढून शिव्या घालत होता. खिडकीत कारकून मीक वही छातीशी धरून बसला होता.

"मीकसायेब, माजी नोंद करा," ओरफा म्हणाली.

"नोंद मुख्य ठाण्यातच हुतीया, बाई. असा कायदा हाय."

"ठाणं कुटं असतंय?"

"कचेरी असंल तिथं."

"कचेरी कुटं हाय?"

मीकनं खिडकीतून खाली बघितलं. गव्हाची कोवळी पाती चौकटीला लागली होती. त्यानं दौत उघडली. "साक्षीदार दोन लागतील."

तेवढ्यात क्रंपला तिच्या गोठ्यातले दोन ताजे बैल दिसले. "ओरफाबाई, तेवढी जोडी द्या. एका हिसक्यात निघंल."

"त्याला द्याल तर बघा!" हूपर ओरडला. "जोडी आमाला. आमी मागं वढतो."

"सही करील त्याला बैल," ओरफा म्हणाली.

दोघं एकमेकांना ढकलत खिडकीशी आले. या काउंटीत दोन्ही गावांनी मिळून सह्या केलेला तो पहिलाच कागद. ओरफानं शाई वाळेस्तोवर फुंकर घातली, कागद पोलक्यात खोवला आणि बैल सोडून आणले. एक क्रंपच्या हाती दिला, एक हूपरच्या.

"आन् जोडी?" दोघं एकदम म्हणाले.

"दोघांनी सही केली की! घ्या एकेक."

मग कॉनकॉर्डनं पुढं ओढलं, ज्युबिलीनं मागं ओढलं. दिवस कलेपर्यंत कचेरी आणखी हातभर खाली गेली. शेवटी दोन्हीकडचे बैल बसले. पाठोपाठ माणसंही बसली, आणि ओरफानं सगळ्यांना मक्याची लापशी वाढली. गव्हाची पार वाट लागली होती. तिला रडू आलं, पण कागद पोलक्यातच होता.

आज काउंटीचं ठाणं तिथंच आहे. बाहेर दगड बसवलाय: 'दूरदृष्टीच्या संस्थापकांनी प्रदीर्घ विचारांती ही मध्यवर्ती जागा निवडली.' खाली नऊ नावं. क्रंप आहे, हूपर आहे, आणि नवव्या जागी टटल आहे. ओरफा नव्हे, तिचा नवरा. त्यानं दोनदा मत दिलं होतं ना!