पोचला का गं मेल?

मित्रांनो, मी एक जुना मोडेम आहे आणि माझं टाळकं फिरलंय. गोड बोलायची माझ्याकडून अपेक्षा ठेवू नका.

मयूरीने मला पुण्याच्या दुकानातून आणलं. अमेरिकेला जाण्याआधी तिने लोणंदच्या घरी मला कॉम्प्युटरला आणि टेलिफोनला जोडलं, ई-मेलची वर्षाची वर्गणी भरली आणि आईला सगळं शिकवलं. तिची आई, लीलाबाई. एका तापात त्यांचं ऐकणं गेलं, तेव्हापासून फोन त्यांच्या काही कामाचा नव्हता. म्हणून मी आलो. मयूरी मराठीच लिहायची, पण इंग्रजी अक्षरांत. लीलाबाई पडद्यावर बोट ठेवून वाचायच्या आणि एकट्याच हसायच्या. काय कौतुक होतं तेव्हा माझं! अंगावर विणलेला रुमाल असायचा.

वर्ष सरलं आणि मयूरीचे वडील नानासो नवी वर्गणी भरायला काचकूच करू लागले. कांद्याचे व्यापारी ते. मी चालू असलो की फोन अडतो, गिऱ्हाईक तुटतं, वर मी किरकिरतो. मान्य. पण फोनचं बिल फुगलं तेही माझ्यामुळे? मेल गेला रे गेला की हे गृहस्थ अमेरिकेला फोन लावून विचारायचे, ‘पोचला का गं मेल?’ आणि खापर माझ्या माथ्यावर! असा संताप व्हायचा म्हणून सांगू.

त्या फोनवर मयूरी भडाभडा बोलायची. लीलाबाई समोर उभ्या राहून नवऱ्याच्या तोंडाकडे बघायच्या. फोन ठेवून नानासो एवढंच म्हणायचे, बरी हाय. लेकीचं सगळं बोलणं त्या दोन शब्दांत संपायचं.

शेवटी एके सकाळी त्यांनी माझी वायर उपसली. फोन असताना मेल कशाला लागतोय, म्हणाले. लीलाबाईंना ते ओठांवरून कळलं. एरवी त्या नवऱ्यापुढे कधी बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या.

“आवं, तुमची लेक फोनवर बोलती. माझी लेक ह्याच्यातनं बोलती. तिला घरात ठेवायचं का न्हाई, ते तुमी ठरवा.”

नानासोंनी वायर खाली ठेवली. मग चपला घालून वर्गणी भरायला गेले.

मित्रांनो, मला पुसा, मला जपा, असं मी म्हणणार नाही. उद्या माझ्या जागी दुसरा येईल. पण घरातली एखादी सोय परवडत नाही असं म्हणण्याआधी, ती ज्याला लागते त्याला विचारा. लीलाबाईंना कुणी विचारलंच नव्हतं. माझा राग त्याचा आहे, आणि तो अजून गेलेला नाही.