खिळ्यावरचा कप

साफ्ताच्या ओसरीत खिळ्याला एक निळा कप टांगलेला असे. तांबट मुर्शा दारूच्या भट्टीच्या गळक्या भांड्याला डाग द्यायला आला की त्याला त्याच कपातून कॉफी मिळायची. असं का, हे घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. सासू तसं करत आली, साफ्ता करत राहिली. ही जिप्सी माणसं कशात हात घालतात देव जाणे, एवढंच सासू म्हणायची.

त्या हिवाळ्यात साफ्ताचा नवरा इलिये घोडागाडीसकट गोठलेल्या ओढ्यात गेला. बर्फ फोडून त्याला बाहेर काढलं मुर्शानं. तेव्हापासून तो कप साफ्ताच्या डोळ्यांत खुपू लागला. ईस्टरला मुर्शा आणि त्याची बायको रूपा यांना आपल्या टेबलावर, चांगल्या ताटांत जेवायला घालायचं, असं तिनं ठरवलं. गाव नावं ठेवील, म्हणून इलिये कुरकुरला.

"गाव आलं होतं का ओढ्यात उतरायला?" ती म्हणाली.

आमंत्रण द्यायला ती स्वतः गेली. रूपानं तिला ओसरीत बाकावर बसवलं. उघड्या दारातून आतलं फडताळ दिसत होतं, त्यात सोनेरी काठाचे कप रांगेनं मांडलेले. रूपानं इलियेची चौकशी केली. बर्फाला पचला नाही तो आता तुमचं डोकं खाणार, असं म्हणून हसली. मग खांबाच्या खिळ्यावरचा, टवका उडालेला कप काढून तिनं त्यात कॉफी ओतली.

साफ्तानं कप हातात फिरवून पाहिला. "हा कप कुणाचा गं?"

"तुमच्यातलं कुणी आलं की त्यांचा." रूपा शांतपणे म्हणाली. "राग मानू नका, बाई. तुम्ही कपड्यांच्या टबातच भांडी विसळता. बायापुरुषांचे कपडे एकत्र भिजवता. माझ्या सासूनं सांगितलेलं, त्यांच्या भांड्याला तोंड लावायचं नाही."

"पण मुर्शा तर आमच्याकडे कॉफी पितो."

"नाही पीत. तुम्ही आत वळलात की झाडाच्या बुंध्याशी ओततो. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

साफ्ताला पटेना. आमची किळस? आणि ती यांना? जेवणाचं आमंत्रण तिनं कसंबसं तोंडातून बाहेर काढलं.

रूपानं जरा विचार केला. "येऊ की. ताटं आमची आणली तर चालतील?"

उत्तराची वाट न बघता ती साखर आणायला आत गेली. साफ्ताच्या हातातला कप भरलेलाच होता. अंगणात एक अक्रोडाचं झाड होतं. त्याच्या बुंध्यापर्यंत कितीसं अंतर आहे, हे आपण मघापासून बघतोय, हे तिच्या ध्यानात आलं.