उशाशी ठेवलेला कूलर

मित्रांनो, माझ्या पत्र्याला गंज चढला आहे आणि सुरू होताना माझी मोटर कण्हते. मी एक जुना कूलर आहे. फार थकलो आहे, पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

शहागंजातल्या एका पत्रेवाल्याने मला ठोकून घडवले. तीन बाजूंना जाळ्या, त्यांत गवत आणि खाली पाण्याची टाकी. पुंजाराम नावाच्या कचेरीतल्या शिपायाने मला घरी आणले, तेव्हा त्याच्या बायकोने, चतुराबाईने, मला हळदकुंकू लावले. पहिल्याच दुपारी ओल्या गवताचा वास खोलीभर पसरला. "देवगावच्या मळ्यात निजल्यावानी वाटतंय," ती म्हणाली. तसे कौतुक पुन्हा कधी वाट्याला आले नाही.

आमच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येई. म्हणून माझ्या टाकीतले जुने पाणी कुणी ओतून देत नसे, कमी झाले की वरून भरत. गवतही चार उन्हाळे बदलले नाही. ते काळे पडले, त्यावर बुरशी धरली. मला कळत होते, पण सांगणार कसा? मी नुसता वारा ढकलत राहिलो.

त्याच सुमारास चतुराबाईला दमा जडला. मी सुरू झालो की तिची छाती भरून येई, श्वासातून शिट्टी वाजे. देवगाव रंगारीला माहेरी गेली की मात्र बरे वाटे. माहेरचे सुख म्हणून सगळे ते हसण्यावारी नेत.

मे महिन्यातल्या एका दुपारी ती भिंतीला टेकून बसली. "अवं, दम पुरंना... छातीवर जातं ठेवल्यागत झालंय."

"उकाडाच लई हाय," पुंजाराम घाबरून म्हणाला. "थांब, कूलर जवळ घेतो."

त्याने मला ओढत तिच्या उशाशी आणले आणि बटण शेवटपर्यंत फिरवले. त्याने ते मायेनेच केले. पण माझा प्रत्येक झोत तिच्या नाकातोंडात बुरशी सोडत होता. तिचे ओठ निळे पडले. शेजाऱ्यांनी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेले. मला बंद करायचे कुणाला सुचले नाही. रिकाम्या खोलीत मी फिरतच राहिलो.

चार दिवसांनी ती परतली. सोबत शेजारच्या आवडाबाई होत्या, दवाखान्यातल्या नर्स. त्या दारातच थबकल्या.

"हा कुबट वास कशाचा?" त्यांनी माझी जाळी उघडली. बोटांना काळा चिकटा लागला. "पुंजारामभाऊ, दमा हिच्या अंगात असंल, पण त्याला भडकवतंय हे गवत."

पुंजारामने जाळीतले काळे गवत चिमटीत धरून पाहिले. "म्हंजी मीच तिला..."

"तुमाला तरी कुठं ठावं होतं?" चतुराबाईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तो मला भंगारात द्यायला निघाला होता. तिनेच अडवले. मग त्याने टाकी घासली, मला चार दिवस उन्हात वाळवले, नवे गवत भरले. आता मी खिडकीबाहेर असतो. दर रविवारी जुने पाणी न्हाणीत ओततात.

दमा गेलेला नाही. वावटळीची धूळ उठली, कुणी कचरा पेटवला, उदबत्तीचा धूर दाटला, की ती अजूनही दम्याचा पंप शोधते. पण आता ती आडवी होऊन झोपू शकते.

मित्रांनो, आजारी माणसाजवळ आपण मायेने जे काही नेतो, ते आधी उघडून पाहा, त्याचा वास घ्या. यंत्राला सांगता येत नाही, आणि ज्याचा श्वास अडला आहे, त्यालाही.